डाव्या पायथ्याचा कोपरा

गाडीतली जुनी गादी रामलालने मागच्या दारातून ओढून काढली आणि कुंपणावर उलटी टाकली, तेव्हा तिची खालची बाजू पहिल्यांदाच उजेडात आली. काळ्या ठिपक्यांनी भरलेली. वर्षभराची ओल प्लायवूड आणि फोमच्या मध्ये गुपचूप बसून होती, आणि घरात कुणाला तिचा पत्ता नव्हता. मधोमध फोम दबला होता. डाव्या पायथ्याशी कोपरा तिरका कापलेला, कारण गाडीत त्या जागी चाकावरची पत्र्याची पेटी वर आली आहे.

“फेका ती, बाबूजी,” त्याचा मुलगा योगराज म्हणाला. “गोंदियाहून नवी आनू.”

अंगणात रामलालची बायको रुक्मा सुपात तांदूळ पाखडत होती. तिने मान वर केली नाही. “नवी आना, जुनी ठेवा. मी येऊन नाही राहिली.”

भाजीत मीठ कमी आहे, हे सांगावं तितक्याच आवाजात ती बोलली. रामलालला हा आवाज ठाऊक होता. वर चढलेला आवाज कधीतरी खाली येतो. हा आधीच खाली असे.

माघात धारला जायचं होतं. रामलालच्या, म्हणजे टेंभऱ्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की आपले पूर्वज माळव्यातल्या धारहून या धानाच्या मुलखात आले. रामलालचा बाप बिसराम गोठ्याच्या दारात उभा राहून मावळतीकडे हात करी आणि म्हणे, “आपन तिकडचे.” त्याला धार म्हणजे काय ते माहीत नव्हतं. नागपूरच्या पलीकडे तो कधी गेला नाही. त्याला फक्त दिशा माहीत होती, तीही गोठ्याचं दार तिकडे होतं म्हणून. तो हात रामलालच्या मनात तसाच उभा राहिला होता. आता रामलाल एकोणसत्तरचा झाला आणि कधी कधी तोही गोठ्याच्या दारात उभा राहतो. गोठ्यात बैल नाहीत. तिथे गाडी उभी असते.

गाडी मुळात एका शाळेची मिनीबस. योगराजचं गोरेगावला वेल्डिंगचं दुकान आहे. शाळेने ती भंगारात काढली तेव्हा त्याने ती आणली, सीटा उपटल्या, मागे दोन माणसांचा पलंग केला, पाण्याची टाकी बसवली, शेगडी ठेवायला कप्पा केला. गावात तिला कोणी ‘रामलालचा बंगला’ म्हणत. शेजारचा हिरालाल तर येता-जाता विचारी, “काय गा रामलाल, बंगल्याले चाकं लावली, मंग घराले कायले ठेवलं?” रामलाल स्वतः तिला रेंगी म्हणायचा, छोट्या बैलगाडीला म्हणतात तसं.

रेंगीतून पहिली मोठी फेरी झाली ती मागच्या वर्षी. अमरकंटकला निघाले. गाडी योगराज चालवत होता, रात्री तो पुढच्या सीटवर आडवा झाला, मागे रामलाल आणि रुक्मा. रुक्मा डावीकडे, कारण बाईने नवऱ्याच्या डावीकडे असावं, मांडवात काय आणि पलंगावर काय. सकाळी मंडल्याला ती उठली ती वाकलेलीच. योगराजने कमरेला हात देऊन तिला खाली उतरवलं. नर्मदेचं पाणी समोर होतं, आणि ती म्हणाली, “मले घरी न्या.” तेव्हापासून गाडी गोठ्यात. रुक्माशिवाय धारला जाणं रामलालला जमलं नसतं. बापाने दाखवलेल्या दिशेला एकट्याने जाऊन काय करायचं, कुणाला म्हणायचं, की हे बघ, आलो?

म्हणजे सगळं एका गादीवर येऊन थांबलं होतं.

रामलालने जुन्या वर्तमानपत्रांची पानं चिकटवून पलंगाचा खाका कापला, डाव्या पायथ्याच्या तिरक्या कोपऱ्यासकट. त्याची घडी घालून तो योगराजबरोबर गोंदियाला मुन्नालालच्या दुकानी गेला. मुन्नालाल पन्नाशीचा, अंगाने स्वतःच गादीसारखा, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी. त्याने खाका जमिनीवर पसरला आणि गंभीर झाला.

“काकाजी, गाडी के लिए कापूस मत लो. भारी होता है, दोन महिन्यांत गोळे. काथ्या लो तो कडक रहेगा, पर ओल पकडेल. फोम लो, पर दाबून बघा. सस्ता फोम सहा महिने में बैठ जाता है. जाडी चार इंच से ऊपर नको, वरती कपाट है ना? डोकं लागेल.”

रामलालने दाबून पाहिलं. धान घेताना तो पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो, दोन दाणे दाताखाली धरतो आणि आवाजावरून ओल सांगतो. आडत्यासमोर त्याने कधी मान खाली घातली नाही. इथे त्याचा हात नुसताच खाली जात होता आणि वर येत होता. सगळ्या गाद्या त्याला सारख्याच उत्तर देत होत्या. शेवटी त्याने वाकून एकीचा वास घेतला.

“बाबूजी, गादी आहे, धान नाही,” योगराज हळूच म्हणाला.

“वासच नाही हिले.”

“मंग चांगलंच आहे ना.”

 रामलालने खाका पुन्हा घडी घालून खिशात ठेवला आणि तो रिकाम्या हाताने परत आला.

वाटेत, गाडीच्या खिडकीतून कापलेल्या धानाच्या बांध्या मागे पळत असताना, त्याला दुसऱ्याच एका गादीचा वास आठवला. खरं तर आठवण्यासाठी तो कधी विसरलाच नव्हता. महाशिवरात्रीची, जिल्ह्यातल्याच प्रतापगडची जत्रा. दोन दिवसांची वाट, मधली एक रात्र. खऱ्या रेंगीतून, बांबूच्या ताट्यांची कमान असलेल्या. पुढे बिसराम बैल हाकतोय. तळाशी हातभर तणीस, धानाचा वाळका पेंढा; त्यावर पोतं, त्यावर गोधडी. बैलांच्या गळ्यातली घुंगरं एका तालात, चाकांचा आवाज दुसऱ्या, आणि दोहोंच्या मध्ये कुठेतरी रामलाल निजलेला. त्या निजण्याला बूड नव्हतं. उन्हाळ्यात तळं आटतं आणि तळाचा गाळ दिसतो, तशी पुढे त्याच्या झोपेला बुडं दिसू लागली. पाण्याची पाळी, योगराजची नोकरी न लागणं, बिसरामचं आजारपण. पण रेंगीतल्या झोपेला बूड नव्हतं. हे त्याने लग्नाच्या पंगतीत सांगितलं होतं, राइस मिलच्या रांगेत सांगितलं होतं, केस कापणाऱ्यालाही सांगितलं होतं. “रेंगीत काय झोप लागे बापा. तशी पुन्हा नाही.”

दुसऱ्या दिवशी तो हिरालालकडे तणीस मागायला गेला.

आता गावात सगळीकडे हार्वेस्टर चालतो. त्याच्या पोटातून निघालेलं तणीस तुटकं, काड्यांच्या टोकांनी भरलेलं. जनावरंही त्याला तोंड लावताना विचार करतात. पण हिरालाल बियाण्यापुरता धान अजून बैलांकडून तुडवून घ्यायचा. खळ्यावर पेंढ्या पसरायच्या आणि बैल गोल फिरवायचे. याला चुरणा म्हणतात. चुरण्याचं तणीस बैलांच्या खुरांखाली इतकं मऊ होतं की हातात घेतलं तर दोरासारखं वाकतं.

“गादीत भरतो?” हिरालालने विचारलं. “फोमचा भाव वाढला का बैलाचा चारा सस्ता झाला?”

“तू दे ना गा.”

“देतो. पन बंगल्यात माचीस नेऊ नको.”

चार दिवस रामलाल त्यात बुडून गेला. तणीस उन्हात वाळवलं, झटकलं, त्यातलं पोचट धान निवडलं. रविताने, योगराजच्या बायकोने, जाड कापडाची खोळ मशीनवर शिवून दिली. तिरका कोपरा शिवताना ती म्हणाली, “मामाजी, माय निजन का याच्यावर?” ती खुर्चीवर बसून हे विचारत होती, पाय मशीनच्या पायटीवर, आणि सासरा समोर जमिनीवर तणीस भरत होता. रामलालला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरात कधी हे बदललं ते त्याच्या लक्षातही नव्हतं.

“निजन काय, उठनार नाही,” तो म्हणाला.

गादी तयार झाली. वर जुनी गोधडी घातली. गाडीत शिरताच तो वास आला, आणि क्षणभर गोठा, पत्रा, प्लायवूड, सगळं नाहीसं झालं. रामलाल दारात उभा राहिला. त्याला वाटलं, आपण काहीतरी परत मिळवलं आहे, आणि मिळवलं आहे ते फक्त आपल्यासाठी नाही.

“ये वं,” त्याने रुक्माला हाक मारली. “निजून तं पाह.”

रुक्मा हात पुसत आली. पायरी चढली, पलंगाच्या कडेला बसली. तणीस करकरलं. तिने तळवा गोधडीवर ठेवला, थोडा दाबला, आणि उचलून घेतला. चूल तापली आहे का पाहताना उचलावा तसा.

“रेंगीची गादी हो ही,” ती म्हणाली.

“व्हय. तशीच्या तशी.”

“तुमी किती साल झाले सांगून राहिले, रेंगीत काय झोप लागे म्हनून.”

“लागतच होती.”

“तुमाले.”

रामलाल हसला, कारण त्याला वाटलं ती थट्टा करते आहे. ती करत नव्हती.

“पुढं मामाजी बसत बैल हाकाले. त्यायच्या पाठीमागं हातभरावर मी. सासरा समोर असताना सून आंग टाकन का? दोन दिवस, एक रात, पदर घेऊन बसून. योगराज मांडीवर. पाय मरून जात. तनीस पोटरीले टोचे, अन् खाजवाची सोय नाही, बांगड्या वाजतीन म्हनून. मामाजी मधातच मान वळवून विचारत, पोरगं निजलं का? मी नुसती मान हालवो.” ती थांबली. “मंग सकाळी तुमी उठा अन् म्हना, काय झोप लागली. तवा वाटे, एक ठेवून द्यावी.”

“मले सांगितलं काऊन नाही?”

“कवा सांगू? तुमी निजले होते.”

ती उतरून गेली. रामलाल पलंगावर बसून राहिला. खाली तणीस स्वतःशीच कुरकुरत सैल होत होतं. चाळीस वर्षं तो एक गोष्ट सांगत आला होता आणि त्या गोष्टीत, त्याच्या उशापासून वीतभरावर, एक बाई जागी होती. ती त्याला कधी दिसली नाही, कारण गोष्टीत त्याचे डोळे मिटलेले होते. आता त्याने ती रेंगी पुन्हा आठवून पाहिली. घुंगरं होती, चाकं होती, बिसरामची पाठ होती. बापाच्या पाठीकडे पाहत ती किती कोस गेली असेल? तिने कधी मावळतीची दिशा पाहिली असेल का, की फक्त ती पाठ? त्याने पोटरीला हात लावला. एक काडी खोळीतून वर आली होती आणि टोचत होती. त्याने ती काढली नाही.

संध्याकाळी त्याने खोळ उसवली आणि सगळं तणीस हिरालालच्या बैलांपुढे टाकलं.

हिरालाल दावणीशी बसला होता. “पाहा बापा,” तो बैलांना म्हणाला, “रामलालची गादी आहे, निजू नका, खा.” मग रामलालच्या तोंडाकडे पाहून त्याने सरकून जागा दिली. दोघं बराच वेळ बैलांचं खाणं ऐकत बसले.

मंगळवारी सकाळी रामलाल आंघोळ करून, टोपी घालून अंगणात आला. “चाल, गोंदियाले जाऊ.”

“कायले?”

“गादी पाहाले.”

“मी सांगितलं ना, येत नाही.”

“धारले नको येऊ. गादी पाहाले तं ये. मले नाही समजत गादीतलं.”

रुक्माने त्याच्याकडे नीट पाहिलं. या माणसाच्या तोंडून ‘नाही समजत’ हे तिने फारसं ऐकलं नव्हतं. बी कुठलं पेरायचं, योगराजला मुलगी कुठली करायची, भिंतीला रंग कुठला द्यायचा, सगळं त्याला समजे. ती आत गेली, लुगडं बदललं, आणि गाडीत पुढच्या सीटवर योगराजच्या बाजूला जाऊन बसली. रामलाल मागे, उघड्या प्लायवूडवर. योगराजने त्याच आठवड्यात त्या प्लायला हवा खेळती राहावी म्हणून ओळीने भोकं पाडली होती. गोरेगावपासून गोंदियापर्यंत प्रत्येक खड्डा त्याला वेगळा समजला.

मुन्नालालने खाका ओळखला. “आ गए काकाजी. मला माहीत होतं. बोलो, कौनसा?”

“मले नका विचारू. तिले विचारा.”

मुन्नालालने एका क्षणात ग्राहक बदलला. त्याने एकीवर एक अशा रचलेल्या गाद्यांतून तीन काढल्या आणि लाकडी चौकटीवर पसरल्या. रुक्माने एकेका गादीत बोट खुपसून पाहिलं. अनारसा झाला का पाहावं तसं.

“ऐसे नहीं कळणार, काकीजी. लेट के देखिए. सगळे बघतात.”

रुक्माने आजूबाजूला पाहिलं. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, पुरुष, रामलालच्याच वयाची. काउंटरवर मुन्नालाल. दारात योगराज. आणि तिचा नवरा. ती चौकटीच्या कडेला बसली, पदर डोक्यावर ओढला, आणि तशीच बसून राहिली. हात मांडीवर. पाठ ताठ.

रामलालने ते बसणं पाहिलं आणि ओळखलं. आयुष्यात पहिल्यांदा पाहत होता, तरी ओळखलं.

 योगराजला डोळ्याने खूण करून त्याने बाहेर पाठवलं. दोन्ही गिऱ्हाइकांना म्हणाला, “चला भाऊ, बाहेर उभे राहू, आत उकडून राहिलं.” पौष महिना होता, कुणाला उकडत नव्हतं, पण म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहून ते उठले. मुन्नालाल समजूतदार. त्याने हिशेबाची वही उचलली आणि काउंटरमागे खाली वाकून काहीतरी शोधायला लागला. रामलाल उंबरठ्यावर बसला, रस्त्याकडे तोंड करून, आतल्या बाजूला पाठ.

समोर रिक्षा, सायकली, केळीची हातगाडी. मागे प्लॅस्टिकचा चुरचुर आवाज झाला. बांगड्या वाजल्या.

“ही बुडते,” रुक्माचा आवाज आला.

“दूसरी देखिए,” काउंटरच्या खालून मुन्नालाल.

पुन्हा चुरचुर. “हा पाट आहे. याच्यावर पोळ्या लाटाव्या.”

बाहेर एक गिऱ्हाईक हसलं. रामलालही. मग तिसऱ्या गादीचं प्लॅस्टिक वाजलं. बांगड्या वाजल्या, मग एकदा पोटरी खाजवल्यासारखा आवाज. आणि मग काही नाही.

तो थांबला. केळीवाल्याने गाडी पुढे ढकलली. एक स्कूटी उभी राहिली आणि गेली. रामलालला मागे वळायचं नव्हतं. वळायचं नाही हे त्याने कुणाला कबूल केलं नव्हतं, तरी नव्हतं वळायचं. पण शांतता इतकी लांबली की त्याला भीती वाटली, आणि त्याने मान वळवली.

रुक्मा निजली होती. एका कुशीवर, पाय सरळ लांब पसरून. पदर डोक्यावरून घसरला होता आणि तिचे पांढरे केस त्याने दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये पाहिले. तोंड थोडं उघडं. ती घोरत होती, हलकेच, बारीक चाळणीतून पीठ पडावं तशी.

मुन्नालाल काउंटरमागून वर आला. त्याने पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं, आणि हिशेबाची वही आवाज न करता मिटली. “रहने दो काकाजी,” तो कुजबुजला. “सुबह से कोई बड़ा गिऱ्हाईक नहीं आया.”

रामलाल पुन्हा रस्त्याकडे वळून बसला. एक जोडपं आलं, त्याने हाताने ‘थोडं थांबा’ म्हटलं. का, ते सांगितलं नाही. ते शेजारच्या दुकानात गेले. योगराजने चहा आणला. रामलालने बशीचा आवाज होऊ नये म्हणून पेल्यातूनच प्यायला. त्याचे पाय मुंग्यांनी भरले. त्याने ते हलवले नाहीत. मागून ते बारीक घोरणं येत होतं, आणि त्याला वाटलं, ही झोप आपल्याला दिसते आहे, म्हणून आपण ती कुणाला सांगणार नाही.

अर्ध्या तासाने मागे बांगड्या वाजल्या.

“अवो,” रुक्मा म्हणाली, लाजल्यासारखी, पण जास्त नाही. “मले उठवलं काऊन नाही?”

“कायले उठवू.”

ती उठून बसली, पदर सावरला. कमरेवर हात ठेवून एकदा इकडे, एकदा तिकडे वळून पाहिलं. मग चौकटीवरून खाली उतरली ती सरळ.

“ही,” ती मुन्नालालला म्हणाली.

मुन्नालालने खाका गादीवर पसरला आणि खडूने रेघ ओढायला वाकला. “डाव्या पायथ्याचा कोपरा कापायचा, बरोबर?”

“तोच,” रामलाल म्हणाला.

“त्या कोपऱ्यापायीच तं माही कंबर गेली मंडल्याले,” रुक्मा म्हणाली. “रातभर पाय कुठं ठेवू? पेटीवर? मुटकुळं करून निजली. डाव्या बाजूले बाई पाहिजे म्हनून मले तिकडे टाकलं.”

खडू थांबला. योगराजने बापाकडे पाहिलं. रामलालने गादीवरच्या त्या कागदी कोपऱ्याकडे पाहिलं. तो त्यानेच कात्रीने कापला होता, दोनदा, आणि त्याला वाटलं होतं की त्याने नीट मोजलं.

“मंग कसं करू?” त्याने विचारलं.

“कसं म्हंजे? कोपरा जितं आहे तितंच ऱ्हाऊ द्या. पेटी का हलनार आहे?” रुक्मा चपला घालत म्हणाली. मग मुन्नालालकडे वळून, “कापा भाऊ. धारपर्यंत डाव्या बाजूले हे निजतीन.”